विचारलं कुणाला?

माझ्या माहेरी गल्लीत लग्न निघालं की आदल्या दिवशी घराघरातून भांडी गोळा व्हायची. केटरिंगवाले तेव्हा आमच्या सीमेवरच्या खेड्यापर्यंत पोचले नव्हते. कुणाचं मोठं पातेलं, कुणाची परात, कुणाच्या दोन घागरी. प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं असायचं, त्यामुळे चार घरं फिरूनही ते आपल्या घरी परत यायचं. आईचं एक पितळेचं पातेलं तर निम्म्या गावाच्या लग्नाला जाऊन आलं होतं. पण याची एक रीत होती. भांडं मागायला आलेली बाई सोप्यात बसायची आणि फडताळ आईच उघडायची. आई घरात नसेल तर पातेलं समोर दिसत असलं तरी आजी सांगायची, "ती आली की या."

लहानपणी मला आजीचा हा खाष्टपणा वाटायचा. पातेलं जाणारच आहे, आई नाही म्हणणारच नाही, मग बाईला दोनदा कशाला यायला लावायचं? आता साठी ओलांडल्यावर, आणि तेही कॉम्प्युटरच्या निमित्ताने, आजीचं म्हणणं मला समजलंय. म्हणून हा लेख.

आपण फोटो पाठवतो, निरोप पाठवतो, तेव्हा बहुतेक वेळा तो आधी कुठल्या तरी कंपनीच्या मोठ्या संगणकावर जातो आणि तिथून समोरच्याकडे. दुसरीही एक पद्धत आहे. तिच्यात मध्ये कोठार नसतं. तुमचा संगणक आणि माझा संगणक थेट एकमेकांशी देवघेव करतात, आणि असे हजारो संगणक जोडले की त्यांचं जाळं होतं. तिला पीअर-टू-पीअर म्हणतात. पीअर म्हणजे बरोबरीचा. आमच्या गल्लीतल्या भांड्यांसारखंच. मोठं कोठार कुणाचंच नाही, ज्याच्याकडे जे आहे ते त्यानं द्यायचं.

या पद्धतीची स्तुती करणारे सांगतात की मोठ्या कंपन्यांच्या हातून सत्ता काढून ती सामान्य वापरणाऱ्याच्या हाती देणारी हीच वाट आहे. माझ्या मते हे अर्धं खरं आहे. कोठारवाला मध्ये नसला म्हणजे फडताळाची किल्ली आपोआप घरच्या बाईकडे येते असं नाही. ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या खिशात राहू शकते. गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास पाहिला तर ती बऱ्याचदा तिथेच राहिलेली दिसते.

१९९९ साली नॅपस्टर आलं आणि लोक एकमेकांच्या संगणकावरची गाणी उतरवून घेऊ लागले. त्यापाठोपाठ २००१ मध्ये कझा नावाचा प्रोग्रॅम आला. गाण्यांच्या मालकी हक्कावरून झालेले खटले सर्वांना माहीत आहेत, पण मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. नेथनियल गुड आणि ॲरन क्रेकेलबर्ग या दोघांनी २००२ मध्ये एक साधी चाचणी घेतली. बारा जणांना कझासमोर बसवलं आणि विचारलं, तुमच्या संगणकावरच्या कुठल्या फाइली आत्ता जगाला दिसताहेत? बरोबर उत्तर फक्त दोघांना देता आलं. खरं म्हणजे त्या संगणकाचा सगळा साठाच उघडा होता. जाळ्यावर शोध घेतला तर लोकांच्या ई-मेलच्या पेट्यासुद्धा सापडत होत्या. यातल्या कुणी आपली पत्रं जगाला वाचायला दिली नव्हती. गाणी उतरवण्यासाठी त्यांनी एक फोल्डर निवडला होता, आणि प्रोग्रॅमनं त्याचा अर्थ "हाच वाटायचा" असा घेतला होता. भांडं मागायला आलेल्या बाईनं फडताळाबरोबर आईची ट्रंकही उघडावी, तसं हे झालं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये उघड झालं की कझाबरोबर दुसऱ्या एका कंपनीचा प्रोग्रॅमही लोकांच्या संगणकात जाऊन बसतोय. लोकांच्या संगणकावरची रिकामी जागा आणि ताकद वापरून आपलं वेगळं जाळं चालवायचं, असा त्या कंपनीचा बेत होता. परवानगी होती का? होती. कुणी न वाचणाऱ्या लांबलचक अटींमध्ये ती लिहून ठेवलेली होती.

कझा काढणाऱ्या निकलस झेनस्ट्रॉम आणि यानुस फ्रीस यांनीच २००३ मध्ये स्काइप काढलं. परदेशी गेलेल्या लेकरांचे चेहरे आपल्यापैकी कितीतरी जणींनी पहिल्यांदा स्काइपवर पाहिले असतील, मीही त्यातलीच. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की ज्यांचं इंटरनेट चांगलं आणि संगणक दणकट, अशांच्या संगणकांना स्काइप गुपचूप 'सुपरनोड' करायचं. म्हणजे दुसऱ्यांचे पत्ते शोधून देण्याचं, जोडण्या जुळवण्याचं काम त्यांच्याकडून करून घ्यायचं. याचीही परवानगी अटींमध्येच होती, समोर येऊन कुणी विचारलं नव्हतं. २२ डिसेंबर २०१० रोजी विंडोजवरच्या स्काइपमधल्या एका दोषामुळे असे असंख्य संगणक एकदम बंद पडले आणि जगभरचं स्काइप कोलमडलं. तेव्हा लोकांना कळलं की इतकी वर्षं कंपनीचा डोलारा कुणाच्या खांद्यावर उभा होता. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते काम स्वतःच्या संगणकांवर हलवलं आणि २०२५ च्या मे महिन्यात स्काइपच बंद झालं.

पुढे २०११ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं फ्रॉस्टवायर या प्रोग्रॅमच्या निर्मात्यांना धारेवर धरलं. त्यांचा फोनवरचा प्रोग्रॅम बसवला की फोनमध्ये आधीपासून असलेले फोटो आणि व्हिडिओ आपोआप वाटपाला लागत. नको असेल तर वापरणाऱ्यानं एकेक शोधून बंद करायचं. २०१५ च्या जुलैमध्ये विंडोज १० आलं, तेव्हा घरगुती संगणकांवर एक सोय सुरूच करून दिलेली होती. तुम्ही उतरवलेले अपडेट तुमच्या संगणकावरून इंटरनेटवरच्या अनोळखी संगणकांनाही पाठवले जायचे. आपलं वाय-फाय मोजून-मापून आहे हे आपणच आधी सांगून ठेवायचं, मग ते थांबायचं. सोय वाईट नव्हती, अपडेट लवकर मिळावेत हाच हेतू होता. पण डेटाचं बिल भरणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.

या सगळ्यात एकच दोष पुन्हा पुन्हा दिसतो. यातल्या कुठल्याच प्रोग्रॅमनं जबरदस्ती केली नाही. त्यांनी एवढंच केलं की "हो" आधीच लिहून ठेवलं आणि "नाही" म्हणायचं काम आपल्यावर टाकलं. आपल्या पाठशाळेत चोरीचा अर्थ शिकवताना बाईंनी सांगितलेला शब्द मला इथे आठवतो, 'अदत्तादान'. जे दिलेलं नाही ते घेणं. त्यात कुलूप तोडावं लागत नाही, धमकी द्यावी लागत नाही. देणारीनं दिलं की नाही, एवढाच प्रश्न. आहाराला निघालेले मुनी चुलीवर जेवण तयार आहे हे माहीत असूनही पडगाहन झाल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाहीत. "नको म्हणाली नाही, म्हणजे दिलंच" हा हिशोब आपल्याकडे घेणाऱ्यानं मांडायचा नसतो.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा यावर एक सवाल असतो आणि तो टाळण्यासारखा नाही. ते म्हणतात, जाळं चालायचं तर सर्वांनी थोडं थोडं द्यायला हवं. विचारत बसलो तर लोक घेतील आणि देणार कुणीच नाही. भीती खोटी नाही, नुसतं घेऊन पळणारे सगळीकडे असतात. पण विचारूनही जाळं चालतं याचा दाखला त्यांच्याच जगात आहे. ब्रॅम कोहेन यानं २००१ मध्ये बिटटोरंट काढलं. त्यात तुम्ही जी फाइल उतरवता तिचेच तुकडे इतरांना देता. शेजारचा फोल्डर उघडा पडत नाही. किती वेगानं घेताय आणि किती वेगानं देताय, हे बहुतेक प्रोग्रॅममध्ये डोळ्यांसमोर आकड्यांत दिसतं. देण्याला मर्यादा घालता येते, पाहिजे तेव्हा थांबता येतं. जो देतो त्याला लवकर मिळतं, ही रीत आधीच उघड आहे. आमच्या गल्लीतही तसंच होतं. मागितल्याशिवाय पातेलं जात नव्हतं, आणि मागितल्यावर अडत नव्हतं.

याहून चांगलं उदाहरण सिंकथिंग या प्रोग्रॅमचं. याकोब बोर्ग या प्रोग्रॅमरनं तो २०१३ मध्ये सुरू केला. आपल्या दोन-तीन यंत्रांवर एकच फोल्डर सारखा ठेवायचं काम तो करतो. फोल्डर कुठल्याही कंपनीच्या कोठारात ठेवावा लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि त्याचा मूळ कोड कुणालाही पाहता येतो. प्रत्येक यंत्राला लांबलचक ओळख-अक्षरं असतात. माझ्या यंत्रानं तुमचं आणि तुमच्या यंत्रानं माझं, असं दोन्हीकडून मान्य केल्याशिवाय जोडणी होत नाही. जोडणी झाली तरी सगळं घर उघडत नाही. एकेक फोल्डर वेगळा देऊ करायचा आणि समोरच्यानं तो वेगळा स्वीकारायचा. टीका करायला बसलेल्या बाईनंही इथं मान डोलवावी, इतकी ही रचना सभ्य आहे.

तरी दोन गोष्टी खटकतात. एका यंत्रावर फाइल पुसली की ती दुसऱ्यावरूनही पुसली जाते, आणि जुन्या प्रती जपून ठेवायची सोय आपण सुरू केली तरच असते. "जपून ठेवलंय" या समजुतीत असलेल्या बाईला हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. उद्या मी वाटणी बंद केली तरी समोरच्याकडे गेलेली प्रत तिथेच राहते. याला प्रोग्रॅमचा इलाज नाही, दिलेलं परत आणता येत नाही. पण फोल्डर देताना ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगायला काय हरकत आहे? भांड्यावर नाव घातलं की ते परत येतं. लिहिलेल्या कागदावर कितीही नाव घाला, वाचलेलं परत येत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही.

दोन वर्षांपूर्वी माझा लॅपटॉप बिघडला आणि चार लेख गेले. माझा भाचा हुशार आणि प्रेमळ. तो म्हणाला, "आत्या, पुन्हा तुझं काही हरवणार नाही असं करून देतो." तासाभरात त्यानं एक प्रोग्रॅम बसवला, माझा लेखांचा फोल्डर त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरशी जोडला आणि चहा पिऊन गेला. मी त्याला आशीर्वाद दिला. जोडलं म्हणजे काय झालं हे मी विचारलं नाही, त्यालाही सांगावंसं वाटलं नाही. दोन्ही यंत्रांनी परवानगी विचारली होती. दोन्हीकडे "हो" त्यानंच दाबलं होतं.

त्या फोल्डरमध्ये मी एक लेख लिहायला घेतला होता. वडील गेल्यावर मी आणि धाकट्या बहिणीनं दादाच्या नावे जमिनीचं हक्कसोड पत्र केलं, त्याबद्दलचा. कुणी दमदाटी केली नव्हती. गाडी आली, आम्ही दोघी बसलो, कचेरीत कागद तयार होता. "इथं सही कर" म्हटलं, केली. उताऱ्यावरून आमची नावं गेली. दादा चांगला आहे, दर सणाला साडी येते. तरी इतक्या वर्षांनी मला लिहावंसं वाटत होतं की मला कुणी विचारलं नव्हतं, सही तेवढी मागितली होती. २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, तो आपल्या समाजालाही लागू आहे. पण सह्या मागायची रीत कायद्यानं बदलत नाही. हे सगळं मी कच्चं, रागानं, खोडत खोडत लिहीत होते. दादाला दाखवायचं की नाही, छापायचं की नाही, काहीच ठरलेलं नव्हतं.

एके दिवशी दुपारी वहिनीचा फोन आला. "वन्सं, यांच्या कॉम्प्युटरवर तुमचं काहीतरी लिखाण आलंय. हक्कसोड म्हणून नाव आहे. मी पहिलं पान वाचलं. पुढं वाचू का नको कळेना, म्हणून फोन केला."

माझे हातपाय गार पडले. मी एवढंच म्हणाले, "आत्ता नको, वहिनी." ती "बरं" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. दादानं वाचलं का, हे मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

मी हे पुष्कळ वेळा मनात घोळवलं. भाच्याची चूक म्हणावी तर त्यानं माझं भलंच केलं होतं. प्रोग्रॅमनंही कझासारखं न विचारता काही उघडलं नव्हतं. त्यानं रीतसर विचारलं, फक्त ज्याच्या हातात माउस होता त्याला विचारलं. मला वाटतं, वापरणाऱ्याच्या हक्काबद्दल कळकळीनं लिहिणाऱ्यांचीही नजर इथं कमी पडते. २०१९ मध्ये मार्टिन क्लेपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लोकल-फर्स्ट' सॉफ्टवेअरचे सात आदर्श मांडले. माहितीची अखेरची मालकी आणि ताबा वापरणाऱ्याकडेच राहावा, हा त्यातला सातवा. मला तो मान्यच आहे. पण तो वापरणारा डोळ्यांसमोर आणला की एक माणूस, एक यंत्र, आणि यंत्रातलं सगळं त्याचंच, असं चित्र उभं राहतं. आपल्या घरांत असं असतं का? फोन मुलानं घेतलेला, नंबर नवऱ्याच्या नावावर, पासवर्ड नातवाला पाठ. सेटिंग करणारा एक, पैसे भरणारा दुसरा, आणि आत जिचं मन लिहिलेलं आहे ती तिसरी. अशा घरात "वापरणाऱ्यानं परवानगी दिली" या वाक्याचा अर्थ काय?

म्हणून माझं मागणं साधं आहे. जो फोल्डर दुसरीकडे जातोय त्याच्यावर कायम दिसणारी खूण असावी. सेटिंगच्या चौथ्या पानावर नको, लिहिताना डोळ्यांसमोर हवी. "तीन यंत्रं जोडलेली" असं मोघम सांगू नये, कुणाच्या घरचं यंत्र ते नावानं सांगावं. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा पुन्हा विचारावं, हे अजून चालू ठेवायचं का? तेव्हा तरी बसवणाऱ्याऐवजी लिहिणारी समोर असेल. आणि हे आपल्या भाषेत विचारावं. फार प्रश्न विचारले की माणसं कंटाळून "हो" दाबत सुटतात, हे मलाही कळतं. म्हणून प्रश्न थोडे असावेत, आणि उत्तर येईपर्यंत दार बंद असावं. आजीनं तरी दुसरं काय केलं होतं? ती आली की या.

आपल्यालाही थोडं काम आहे, बायांनो. "मला त्यातलं काही कळत नाही, तूच कर" हे वाक्य मी प्रेमानं म्हटलं होतं, हक्कसोडीच्या कचेरीतही जवळजवळ तेच म्हटलं होतं. यापुढे कुणी काही बसवून देत असेल तर शेजारी बसा आणि एवढंच विचारा: यातून माझं काय बाहेर जाणार, कुणाकडे जाणार, आणि बंद कुठून करायचं? पोरं सांगतात. त्यांनाही कुणी विचारलेलं नसतं, म्हणून ती सांगत नाहीत.

भाच्याला मी बोलावून घेतलं. रागावले नाही. त्यानं यादी उघडून दाखवली, मी माझ्या हातानं ती जोडणी काढली. आता त्या फोल्डरची दुसरी प्रत माझ्याच कपाटातल्या एका पेन ड्राइव्हवर असते. दर रविवारी मी ती स्वतः करते. कटकट आहे, पण माझी आहे.

लेख पुढे पूर्ण झाला. मी तो कागदावर छापून घेतला आणि वहिनीच्या हातात नेऊन दिला. तिनं तो उभ्या उभ्याच वाचायला घेतला, मग खाली बसली. वाचून झाल्यावर म्हणाली, "मी पण केली होती की सही. माझ्या भावांसाठी." मग तिनं कागद घडी करून आपल्या कपाटात ठेवला. दादाला तो कधी द्यायचा, ते आम्ही अजून ठरवलेलं नाही.